दिवेलागणीचा एक तास : परसातल्या कोंबड्यांचं एक प्रकरण

मी पशुसखी आहे. वाडीवाडीत फिरून शेळ्या-कोंबड्यांना लस देणं, जंताचं औषध पाजणं, गोठ्या-खुराड्यात काय चुकतंय ते बघून सांगणं, हे माझं काम. या कामात मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मुंगसान खाल्ल्यान गो." पिल्लू गेलं, मुंगसाने नेलं. अंडं फुटलं, मुंगूसच. रात्री खुराड्यात कोंबडी मरून पडली तरी तोच. खाली मांडलेलं प्रकरण या वाक्यापासूनच सुरू झालं, आणि त्याचा माग काढताना मी स्वतः जे शिकले ते परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक बाईपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

घर कुडाळ तालुक्यातलं, कर्लीच्या खाडीकडच्या बाजूला. मालकीण साठी ओलांडलेली, सगळी वाडी तिला काकी म्हणते. मुलगा-सून मुंबईला, नातू शाळेसाठी आजीजवळ. चिऱ्याचं घर, मागे सातेक गुंठे परसू. दोन बाजूंना गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, तिसऱ्या बाजूला काट्यांची वई आणि तिच्यात येण्याजाण्याचं बेडं, चौथ्या बाजूला व्हाळ, म्हणजे ओढा. व्हाळापलीकडे काजू आणि मग रान. दिवाळीच्या सुमारास काकीकडे दोन कोंबे, चौदा कोंबड्या आणि तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, होत्या. दोन कोंबड्यांखाली मिळून एकवीस पिल्लं, आणि तिसरी कोंबडी गोठ्याच्या कोपऱ्यात बारा अंड्यांवर खुडूक बसलेली. दिवाळीनंतरच्या पाच आठवड्यांत यातल्या सात मोठ्या कोंबड्या, तेरा पिल्लं आणि अकरा अंडी गेली.

मला बोलावलं ते मात्र रोग आला म्हणून. सकाळी गेले तर काकीने एक कोंबडी पाटीत झाकून ठेवली होती. "राणीखेत आसतली," शेजारचे भाऊ म्हणाले. पिल्लांना सातव्या दिवशी लासोटाचे, म्हणजे राणीखेतीच्या लसीचे, थेंब मीच घातले होते, मोठ्यांची लसही झालेली होती, आणि बाकीच्या कोंबड्या दाणे टिपत हिंडत होत्या. मान वाकडी नाही, हिरवी हगवण नाही. मी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून कोंबडी उलटी केली. डोकं आणि अर्धी मान नव्हतीच. खांद्याजवळची पिसं फुंकर मारून बोटाने बाजूला केली तेव्हा कातडीला दोन बारीक भोकं दिसली आणि त्यांच्याभोवती काळंनिळं रक्त साकळलेलं. हे साकळलेलं रक्त फार महत्त्वाचं. मेलेल्या कोंबडीला कोणी चावलं तर रक्त असं कातडीखाली पसरत नाही. म्हणजे ही जिवंत असताना धरली गेली होती. रोगाचा प्रश्न तिथेच मिटला. कोंबडी चुन्यासह खोल पुरायला लावली.

रोग नाही म्हटल्यावर भाऊंनी लगेच पुढचं नाव घेतलं. गडग्यात मुंगूस राहतं हे सगळ्या वाडीला ठाऊक. दुपारी अंगणातून तुरुतुरु जाताना मीही त्याला पाहिलं होतं. "फासकी लाव गो काकी, एका रात्रीत सापडतलो."

इथे मी जरा कडक बोलले. फासकीची तार जनावर ओळखत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासक्यांत बिबटे अडकून मेल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यात नव्या नाहीत, घरचे कुत्रेही अडकतात. मुंगूस, रानमांजर, घोरपड, अजगर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना फासात धरणं किंवा विष घालणं गुन्हा आहे. आणि कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी मला एक साधी गोष्ट खटकत होती. मुंगूस दिवसाचं जनावर. अंधार पडला की ते बिळात. काकीची कोंबडी रात्री मेली होती, बंद खुराड्यात.

"काकी, रात्री मुंगूस कसा येतला?" मी विचारलं.

काकी गप्प झाली. मग म्हणाली, "मगे कोण?"

त्या 'मगे कोण' साठी मी आठ दिवस मागून घेतले. नातवाच्या जुन्या वहीत तीन रकाने आखून दिले : काय गेलं, कधी गेलं, मागे काय राहिलं. आधीच्या तीन आठवड्यांतलं आठवेल तेवढं आम्ही दोघींनी पडवीत बसून भरलं. तेव्हाच चित्र फुटायला लागलं. पिल्लं जात होती ती सकाळी नऊ ते अकराच्या मध्ये, मागे काही न राहता. खुराड्यातली कोंबडी मेली होती मध्यरात्रीनंतर, धड तिथेच टाकून. गोठ्यातली अंडी एका रात्रीत नाहीशी झाली होती, एक कवच नाही, एक थेंब सांडलेला नाही, आणि कोंबडी बाहेर उभी राहून ओरडत होती. आणि तीन मोठ्या कोंबड्या, त्यात एक कोंबा, 'संध्याकाळी आल्याच नाहीत'.

चार प्रकार, चार वेळा. एका जनावराचं हे काम नव्हे.

राखेवर उमटलेलं

पावलं ओळखायला मी नेहमी चुलीची राख वापरते. काकीची राख आम्ही चाळणीने चाळली आणि खुराड्याभोवती, बेड्याशी, गोठ्याच्या दारात हातभर रुंद पट्टा पसरला, पापडाच्या पिठासारखा सारखा केलेला. जाड थर नको, पाऊल ढासळतं. कार्तिकात दव पडायला लागलेलं असतं, म्हणून पहाटे उजाडता उजाडता बघायचं. उशीर झाला की कोंबड्याच त्यावर नाचून जातात.

तिसऱ्या सकाळी काकीचा फोन आला. रात्री आणखी दोन कोंबड्या मारल्या होत्या, खुराड्यातच. मी पोचले तेव्हा तिने राखेच्या पट्ट्यावर पाट्या उपड्या घालून ठेवल्या होत्या, पावलं मोडू नयेत म्हणून. तिला हे मी सांगितलं नव्हतं.

खुराड्याच्या दाराशी राखेवर कोंबड्यांची आणि काकीची पावलं सोडून काही नाही. बाकी बाजूंना राख कोरी. जनावर जमिनीवरून आलंच नव्हतं.

मग मी वर बघितलं. खुराडं चिऱ्याचं, चार फूट बाय पाच फूट, वर वासे-रिपा आणि मंगलोरी कौलं. मागचा फणस त्यावर वाकलेला. पाणचक्कीसारखं गरगर फिरून मी सगळीकडून बघत होते, पण शिडी लावून वर चढला तो नातू. त्याने वरूनच हाक मारली, "एक कौल सरकलंय. आणि इथे घाण आहे."

घाण म्हणजे लेंडी, बोटभर लांब, आणि तिच्यात पपईच्या काळ्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या. काठीने फोडून बघितलं तर बियांत एक-दोन बारीक पिसंही होती. चिऱ्याच्या भिंतीवर वरच्या दोन थरांत नखांनी ओरबाडल्याच्या ओल्या रेघा. उदमांजर. आपल्याकडे कांडेचोर म्हणतात तेच. फळं हा त्याचा मुख्य आहार, पपई, केळी, पेरू, भेरली माडाची फळं, आणि म्हणून त्याची विष्ठा अशी बियांनी भरलेली असते आणि बहुतेक वेळा उंचावर, कौलांवर किंवा आडव्या फांदीवर सापडते. ते पक्कं निशाचर आणि झाडावरचं जनावर. दिवसा फणसाच्या ढोलीत किंवा कोणाच्या तरी माळ्यावर झोपलेलं असतं. खाली दाराला कितीही मोठं कुलूप घातलं तरी त्याला काय फरक पडतो?

कौल सरकवून ते आत उतरत होतं, कोंबडीचं डोकं-मान खाऊन आल्या वाटेने जात होतं. अख्खी कोंबडी त्या फटीतून वर ओढता येत नाही, म्हणून धड मागे. बिबट्या किंवा कोल्हा असता तर कोंबडी अख्खी नेली असती. भटके कुत्रे असते तर पाच-सहा मारून, दार उचकटून, पिसं परसभर पसरून गेले असते.

राखेने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिच्यासाठी मी तयार नव्हते. बेड्याशी, जिथे आम्ही केवळ खात्री म्हणून राख टाकली होती, तिथे गोल पावलं होती. चार बोटं, नखांची खूण नाही. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या पावलात पुढे नखांचे ठिपके उमटतात, मुंगसाची आणि उदमांजराची पाच बोटं दिसतात. चार बोटं आणि नखं नाहीत म्हणजे मांजराची जात. पण काकीच्या बोक्याचं पाऊल मी शेजारीच राखेवर उमटवून घेतलं, तर हे त्याच्याहून ठळक मोठं. रानमांजर. जुनी माणसं त्याला बाऊल म्हणतात. पावलं आत येणारी आणि परत जाणारी, आणि परत जाणाऱ्या पावलांच्या बाजूने राखेत काहीतरी ओढत नेल्याची रेघ.

राख आम्ही संध्याकाळी साडेपाचला टाकली होती. रेघेवर पहाटेचं दव पडून ती बसकी झालेली होती, म्हणजे पावलं दव पडायच्या आधीची. वहीत बघितलं तर त्या संध्याकाळी एक कोंबडी 'आली नाही' अशी नोंद होती.

गाडीची वेळ

"काकी, खुराडं कधी लावतस?"

"गाडी येता तेवाच. रोज. एक दिवस चुकाक नाय."

नातू शिकवणीहून वस्तीच्या एसटीने येतो. गाडी सव्वासातला फाट्यावर. काकी दिवा लावून पाणंदीत उभी राहते, त्याला घेऊन येते आणि येता येता खुराड्याचं दार लावते. तिची ही शिस्त मोडलेली मी कधी पाहिली नाही. आणि नेमकी तीच शिस्त घात करत होती.

जूनच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सात-दहाच्या आसपास मावळतो. सव्वासातला अजून संधिप्रकाश असतो, कोंबड्या नुकत्या आत शिरलेल्या असतात. जूनपासून काकीने गाडीच्या वेळेला दार लावलं आणि ते अगदी बरोबर होतं. पण नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेसहाला काळोख. म्हणजे तेच दार, त्याच निष्ठेने लावलेलं, आता काळोख पडून पाऊण तास उलटल्यावर लागत होतं. एसटीचं वेळापत्रक बदललं नव्हतं, सूर्याचं बदललं होतं. रोज अर्धा-एक मिनिट सरकत गेलं, कोणाच्या लक्षात येणार?

कोंबडीला काळोखात काही दिसत नाही. सूर्य टेकला की ती आपसूक खुराड्याकडे येते, पण सगळ्या एकदम येत नाहीत. तलंगा शेवटपर्यंत बाहेर रेंगाळतात, कोंबा दाराशी उभा राहतो. रानमांजराची शिकारीची वेळ नेमकी हीच, पहाट आणि संध्याकाळचा संधिप्रकाश. उघडं दार, आंधळ्या झालेल्या कोंबड्या, घरात कोणी नाही, कुत्रा पुढच्या दारी बांधलेला. गेलेल्या चारही जणी, म्हणजे एक तलंग, दोन कोंबड्या आणि तो कोंबा, याच वेळेत गेल्या होत्या. व्हाळाच्या काठाने पन्नास पावलांवर आम्हाला पिसांचा ढीग सापडला. मी पिसं उचलून त्यांचे देठ बघितले. शिकारी पक्षी पीस उपटतो, देठ अख्खा निघतो. ही पिसं दातांनी कातरलेली होती, देठ मध्येच तुटलेले.

त्या ढिगात काकीला लाल-काळी लांब शेपटाची पिसं दिसली. तो कोंबा तिने राखणेला धरलेला. जागेच्या राखणदार देवाला वर्षाची राखण द्यायची म्हणून पिल्लू असल्यापासून वेगळा वाढवलेला, पायात दोरा बांधलेला. दोरा पिसांत नव्हता, मी शोधला.

"देवाचो कोंबो होतो गो," ती म्हणाली. "आता राखणदाराक काय सांगू?"

मला उत्तर सुचलं नाही. आम्ही दोघी तिथे थोडा वेळ उभ्या राहिलो.

पिल्लं आणि अंडी

पिल्लांचं कोडं सुटायला एक सकाळ पुरली. मी चहाचा कप घेऊन नऊला पडवीत बसले आणि हलले नाही. सव्वादहाच्या सुमारास कोंबडीने घशातून लांबलचक 'क्रऽऽऽ' काढला. ही हाक ऐकली की पिल्लं जिथे असतील तिथे चिकटतात किंवा आईखाली धावतात. जी अळवाच्या पानांजवळ होती ती पानांत गडप झाली. जी सारवलेल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मधोमध होती त्यांना धावायला जागाच नव्हती. पोफळीवरून एक शिक्रा तिरका खाली आला, खळ्याला पोट घासतंय असं वाटावं इतक्या खालून गेला आणि पुन्हा वर, पायात पिल्लू. सगळं दोन श्वासांत. थोड्या वेळाने कावळ्यांच्या जोडीने हाच प्रयत्न केला, एक आईला पुढून चिडवत होता, दुसरा मागून. त्यांना मी हाकललं.

काकीने दिवाळीसाठी खळं नवं करून घेतलं होतं. कडेची जास्वंद आणि जुना लाकडाचा ढीग काढून टाकला होता, सगळं लख्ख. डोळ्यांना छान, पण पिल्लांना लपायला तेवढीच जागा होती. पूर्वीही शिक्रा येत असणारच. तेव्हा लपण होतं.

अंड्यांबद्दल मात्र मला मुंगसाची बाजू घ्यावीशी वाटते. मुंगूस अंडं खातं, नाही असं नाही. ते मागच्या पायांमधून अंडं दगडावर आपटून फोडतं, मग कवचं आणि बलक तिथेच दिसतात. कावळाही फोडून खातो. उंदीर-घूस अंडं घरंगळत बिळापर्यंत नेतात, वाटेत एखादं फुटतंच. अकरा अंडी काहीही न सांडता जातात तेव्हा ती कोणीतरी गिळलेली असतात. गोठ्यात कोपऱ्यातल्या चिऱ्यांच्या फटीतून काकीने नंतर वीतभर रुंद पसरलेली कात ओढून काढली, माझ्या हातापेक्षा लांब. साप अंड्यांसाठी गोठ्यात आला नसावा. कोंबड्यांची कणी आणि भात उघड्या गोणीत ठेवलेला, गोणीमागे उंदरांची बिळं, आणि उंदरांमागे साप. अंडी त्याला वाटेत मिळाली.

काय केलं

सगळ्यात आधी केलं ते बिनपैशाचं. दार लावायची वेळ एसटीवरून काढून सूर्यावर नेली. सूर्य व्हाळापलीकडच्या काजूंमागे गेला की काकी दाणे वाजवत 'बा बा बा' करते, मूठभर कणी खुराड्याच्या आत टाकते, कोंबड्या आत जातात, ती मोजते आणि दार लावते. त्यानंतर नातवाला आणायला जाते. मोजणं मोठ्याने. एखादी कमी असेल तर उजेड आहे तोवर शोधायची. संध्याकाळची मूठ आतच टाकायची, हे कोंबड्या आठवड्याभरात शिकतात, मग हाकसुद्धा लागत नाही.

वर छपराला आम्ही कौलांच्या खाली, वाशांवर, अर्ध्या इंची वेल्डेड जाळी ठोकली. कौल सरकवलं तरी खाली जाळी. बाजारात कोंबड्यांची जाळी म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी देतात ती कोंबडी आत ठेवायला बरी, बाहेरचं जनावर अडवायला उपयोगाची नाही. कुत्रा ती दाताने फाडतो, आणि भोकांतून पंजा आत घालून जाळीलगत बसलेल्या कोंबडीचं डोकं ओढता येतं. फणसाची वाकलेली फांदी काढली. भाऊ म्हणाले फांदी काढल्यावर जाळी कशाला? पण उदमांजर चिऱ्याची भिंत चढतं, ते आम्ही नखांच्या रेघांत बघितलं होतं. फांदी काढल्याने त्याचा रस्ता लांबला एवढंच.

जुनं बांबूचं दार खाली दोन बोटं उचललेलं होतं. नवं दार लाकडी चौकटीत त्याच जाळीचं केलं, उंबऱ्याला सरळ कडेचा चिरा बसवला, आणि वर-खाली अशा दोन कड्या. एकच कडी मध्ये असली की कुत्रा खालचा कोपरा ढकलून आत डोकं घालतो.

जमिनीखालून उकरून येणाऱ्यांसाठी पुस्तकात फूटभर चर खणून जाळी पुरा असं सांगतात. काकीच्या परसात वीतभर मातीखाली कातळ आहे. पहार लागली की ठिणगी उडते. म्हणून आम्ही जाळी पुरली नाही, भिंतीपासून बाहेर दीड फूट जमिनीवर आडवी पसरली आणि तिच्यावर चिरे रचले. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी मुळाशीच उकरायला लागतं, तिथे त्याच्या नखांना जाळी लागते, आणि दीड फूट मागे सरकून बोगदा पाडावा हे त्याला सुचत नाही. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने कापलेल्या तारेची टोकं लवकर गंजतात, म्हणून कडांना रंगाचा हात दिला. पावसाळ्यानंतर एकदा कडा दाबून बघायच्या, पिचत असतील तर तेवढा तुकडा बदलायचा.

पिल्लांना चार आठवडे डालग्याखाली किंवा झाकलेल्या आवारात ठेवायचं ठरलं. काकीचा भाचा देवबागला मासेमारीत आहे, त्याने जीर्ण झालेलं जाळं दिलं. ते आम्ही केळींच्या आधाराने माणसाच्या डोक्यापेक्षा उंच ताणून बांधलं, वरून शिक्रा-कावळा अडतो. इथे एक कळकळीची सूचना : नायलॉनचं जाळं जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका. त्यात साप अडकतात, सुटायला धडपडून कापले जातात, आणि सकाळी पिल्लांना दाणे घालायला गेलेल्या बाईचा हात चिडलेल्या सापाशेजारी असतो. जाळं वर आणि ताठ. खाली बाजूंना वेल्डेड जाळी किंवा बांबूच्या दाट कामट्या. खळ्याच्या कडेला चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झापं तिरकी टेकवून लपण्या केल्या, आणि जास्वंद पुन्हा लावली.

गोठ्यातली गोणी गेली, कणी पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. बिळं चिऱ्याचे तुकडे आणि सिमेंटने बुजवली. अंडी घालायच्या पाट्या जमिनीवरून तीन फूट वर, भिंतीपासून सुटत्या टांगल्या. खुडूक कोंबडी आता खुराड्यातच वेगळ्या खणात बसते. साप दिसला तर काठी घ्यायची नाही, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा, हे नातवाने भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे.

सगळा खर्च जाळी, लाकूड, कड्या, सिमेंट आणि सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी धरून तीन हजारांच्या आत बसला. गेलेल्या सात गावठी कोंबड्यांची किंमत याहून जास्त होते. लोकांनी सुचवलेले आणखीही उपाय होते, जुन्या सीडी टांगणं, फिनेलचा वास, रात्रभर दिवा. यांनी चार-आठ दिवस जनावर बिचकतं, नंतर त्याला सवय होते. करायचे तर करा, पण त्यांच्या भरवशावर झोपू नका.

मला या सगळ्यात एक गोष्ट राहून राहून टोचते. आपल्या जुन्या घरांत खुराडं पडवीच्या भिंतीतच असायचं. चिऱ्यात एक बिळासारखं तोंड, रात्री त्याला फळी, फळीला धोंडा. माणसं त्याच पडवीत झोपायची, कोंबडीने पंख फडफडवला तरी कोणीतरी जागं व्हायचं. मग घरं नवी झाली, लादी आली, कोंबड्यांचा वास नको झाला. खुराडं घरापासून वीस-तीस पावलं मागे, व्हाळाच्या दिशेने गेलं. म्हणजे आपणच ते रानाच्या जवळ नेऊन ठेवलं. काकीचं खुराडंही सहा वर्षांपूर्वी असंच मागे गेलेलं. आता जागा बदलणं शक्य नव्हतं, पण नवं बांधणाऱ्यांना मी सांगते, निजायच्या खोलीच्या खिडकीतून हाक ऐकू येईल एवढ्यात बांधा.

त्यानंतर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काम पुरं झालं. पहिल्या पंधरवड्यात दोनदा कौल सरकलेलं दिसलं, जाळी शाबूत. नंतर ते थांबलं. राखेवर बाऊलाची पावलं अजून महिन्यातून एक-दोनदा येतात, बेड्यापर्यंत, आणि तिथूनच वळतात. त्याला तिथे राहू दे. व्हाळाकाठचे उंदीर तेच कमी करतं. गडग्यातलं मुंगूसही आहे तिथेच आहे. भाऊ अजून त्याच्याकडे संशयाने बघतात.

फेब्रुवारीत एक कोंबडी गेली. काकी तालुक्याला दवाखान्यात गेली होती, यायला उशीर झाला, दार नातवाने लावलं. वेळेवर लावलं, पण मोजलं नाही. एक कोंबडी बाहेर आंब्यावर चढून बसलेली राहिली. सकाळी झाडाखाली पिसं होती, देठ कातरलेले. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. काकी त्याला एक शब्द बोलली नाही.

शिमग्याला मी लस द्यायला गेले तेव्हा मोठ्या कोंबड्या अकरा, आणि उरलेल्या आठ पिल्लांपैकी सात मोठी झालेली. राखणेसाठी काकीने पलीकडच्या वाडीतून कोंबा विकत आणला होता आणि देऊनही झाला होता. सूर्य आता पावणेसातच्या सुमारास मावळत होता. मी निघाले तेव्हा काजूंमागे तांबडं झालं होतं. नातू वही घेऊन खुराड्याच्या दाराशी उभा, काकी आत कणी टाकत होती, आणि तो मोठ्याने मोजत होता. पंधरापर्यंत आला, थांबला, आणि तलंगांना बोलवायला केळींकडे धावला.